खवलचोराची विद्या : दख्खनच्या माशांचा एक नामेतिहास

कृष्णेच्या खोऱ्यातील नद्यांत एक लहानसा मासा आढळतो. मासेमारी करणारे लोक त्याला 'खवलचोर' म्हणतात. हे नाव अन्वर्थक आहे. हा मासा दुसऱ्या माशांच्या अंगावर धावून जातो, त्यांचे खवले ओरबाडतो आणि खातो. ज्याचे खवले गेले तो मासा सहसा जगतो आणि त्याला नवे खवले फुटतात. मत्स्यव्यवसाय खात्यात दीर्घकाळ काम केलेले डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांनी १९५२ साली या माशाचे पहिले शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले आणि त्याच्या लॅटिन नावात हा मराठी शब्द जसाच्या तसा ठेवला. पुढे २०१८ साली पुण्याच्या अभ्यासकांनी या माशाचे वर्तन, त्याची मुखरचना आणि त्याची पचनव्यवस्था तपासली आणि तो खरोखरच खवल्यांवर जगतो असे दाखवून दिले. नदीकाठच्या लोकांनी एका सामासिक शब्दात जे निरीक्षण नोंदवून ठेवले होते, ते प्रयोगशाळेत सिद्ध होण्यास इतका काळ जावा लागला.

या खवलचोराची आठवण होण्याचे कारण असे, की गेल्या दोन-तीन दशकांत मत्स्यशास्त्रज्ञांनीही त्याचीच विद्या आत्मसात केली आहे. माशाला न मारता त्याचा एखादा खवला, पराचा नखाएवढा तुकडा किंवा अंगावरचा बुळबुळीत स्राव घ्यायचा, मासा पाण्यात सोडून द्यायचा, आणि त्या अल्पशा अंशावरून त्याचे कूळ, जात आणि नातेसंबंध वाचायचे, अशी ही पद्धत आहे. आम्ही मराठीचे अध्यापक. जीवशास्त्र हा आमचा प्रांत नव्हे. तथापि दख्खनच्या माशांचा इतिहास वाचू लागल्यावर आमच्या ध्यानात आले, की हा इतिहास जितका प्राण्यांचा आहे तितकाच नावांचा आहे, आणि ती नावे बव्हंशी मराठी आहेत. म्हणून हा प्रपंच.

सायक्सची कानटिपणे

विल्यम हेन्री सायक्स (१७९०-१८७२) हा ईस्ट इंडिया कंपनीच्या लष्करातील अधिकारी. मुंबईचा गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने १८२४ साली त्याला सांख्यिकी माहिती गोळा करण्याच्या कामावर नेमले. पेशवाई बुडून सहा वर्षे झाली होती, आणि नव्या मुलखात काय काय आहे हे नव्या सत्तेला जाणून घ्यायचे होते. सायक्सने जमीन, पिके, लोकसंख्या यांबरोबरच पक्षी, सस्तन प्राणी आणि मासे यांच्याही नोंदी केल्या. १८३१ साली तो मायदेशी परतला, आणि १८३९ साली दख्खनच्या माशांवरील त्याचे संशोधन लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेमार्फत प्रकाशात आले.

या संशोधनाचा एक विशेष आम्हांस फार मोलाचा वाटतो. नव्या जातींना नावे देताना सायक्सने अनेकदा स्थानिक मराठी नावच लॅटिन नामावलीत घेतले. मुल्या, बोगट, कोलस, खुद्री, पोटील, टाक्री, लोणा, इचकीया ही सारी नावे आज जगभरच्या मत्स्यशास्त्रीय ग्रंथांत आहेत. त्यांच्यापुढे बहुधा सायक्सचे नाव आणि १८३९ हे साल असते. ज्या भोयाच्या वा कोळ्याच्या तोंडून ती ऐकली, त्याचे नाव मात्र त्या नोंदीत नाही.

येथे भाषेच्या विद्यार्थ्याला एक कोडे पडते. वर आम्ही 'मुल्या' आणि 'खुद्री' असे लिहिले ते रोमन अक्षरांचा आजचा उच्चार धरून. परंतु सायक्सने ही नावे रोमन लिपीत उतरविली ती त्या काळच्या इंग्रजी रीतीने. त्याच्या लेखाच्या शीर्षकातच किल्ली आहे. 'दख्खन' हा शब्द त्याने लिहिला तो 'डी' अक्षरापुढे 'यू' घालून. म्हणजे त्याचा 'यू' हा आपला 'अ' आहे. ही किल्ली लावली की 'मुल्या' हा 'मल्या' किंवा 'मळ्या' होतो, 'खुद्री' हे 'खद्री' किंवा 'खडरी' होते. ज्या माशाला पुढील ग्रंथांत 'मुसुल्लाह' असे जणू फारसी वळणाचे नाव चिकटले, तो मुळात 'मसला' किंवा 'मसळा' असणे अधिक संभवनीय ठरते. रोमन लिपीत 'ळ' नाही, 'द' आणि 'ड' यांत भेद नाही. त्यामुळे 'कोलस' की 'कोळस' हा प्रश्न लिखित पुराव्यावरून सुटणारा नाही. तो सुटेल तर नदीकाठी कान देऊनच सुटेल. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची पहिली आवृत्ती १८३१ सालची, म्हणजे सायक्स परतला त्याच वर्षीची. एकाच दशकात दोन इंग्रज मराठी शब्द वेचीत होते. एकाच्या वेच्यांना देवनागरी लाभली, दुसऱ्याचे लॅटिनमध्ये गेले.

बाटलीतील देह

नाव मिळाले म्हणजे ओळख पटली असे होत नाही. शास्त्राच्या रूढीप्रमाणे प्रत्येक नावामागे एक देह असावा लागतो. ज्या नमुन्यावरून जातीचे वर्णन केले, तो जपून ठेवायचा आणि पुढे वाद उद्भवला तर त्याच्याशी ताडून पाहायचे. परिभाषेत यास 'प्ररूप' म्हणतात. हस्तलिखितांच्या क्षेत्रात मूळ प्रतीचे जे स्थान, तेच येथे प्ररूपाचे. सायक्सच्या अनेक जातींचे प्ररूप आज उपलब्ध नाहीत. उरली आहेत ती वर्णने, काही चित्रे आणि नावे. मूळ प्रत हरवलेल्या ग्रंथासारखी ही अवस्था आहे.

विसाव्या शतकात ही उणीव भरून काढण्याचे काम कलकत्त्याच्या भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेतील शास्त्रज्ञांनी केले. त्यांत सुंदरलाल होरा (१८९६-१९५५) यांचे नाव अग्रभागी आहे. आमच्या नाशिक जिल्ह्याचा या इतिहासाशी संबंध येतो तो येथेच. होरा आणि के. एस. मिश्रा यांनी १९३८ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात देवळालीच्या माशांवर लेख लिहिला. देवळालीजवळ दारणा नदीत सापडलेल्या एका लहान माशाला त्यांनी सोसायटीचे क्युरेटर एस. एच. प्रेटर यांच्या स्मरणार्थ नव्हे, तर त्यांच्या हयातीतच गौरवार्थ, 'प्रेटरी' असे नाव दिले. इंग्रजीत त्याला देवळाली मिनो म्हणतात. सायक्सच्या पद्धतीहून ही पद्धत किती निराळी होती पाहा. येथे देह जपला गेला, वर्णन काटेकोर झाले, स्थळ निश्चित झाले. पण दारणेकाठचे लोक त्या माशाला काय म्हणत होते, ते शास्त्रीय नावात आले नाही.

हा मासा आज आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत 'अतिसंकटग्रस्त' या वर्गात आहे. त्याचा ज्ञात अधिवास अत्यंत मर्यादित आहे. अशा माशाबाबत जुन्या पद्धतीची अडचण उघड होते. जात टिकून आहे की नाही हे पाहण्यासाठी जर दहा मासे पकडून मारावे लागणार असतील, आणि नदीत कदाचित पन्नासच उरले असतील, तर शोध घेणे हेच संकटात भर घालणे ठरते. ज्ञान हवे तर जीव द्यावा लागेल, असा हा सौदा होता. विपुल माशांच्या बाबतीत तो खपून गेला; दुर्मिळ माशांच्या बाबतीत तो परवडणारा राहिला नाही.

खवल्यातील लेख

खवल्याला शास्त्रात मान मिळाला तो आधी वयमापनासाठी. झाडाच्या खोडाप्रमाणे खवल्यावरही वाढीची वलये उमटतात. ती मोजून माशाचे वय ठरविण्याची रीत युरोपात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून रूढ झाली. मत्स्यसंशोधन केंद्रांतून वर्षानुवर्षे खवले सुकवून कागदी पाकिटांत ठेवले गेले आणि पाकिटावर नदी, तारीख, माशाची लांबी लिहिली गेली. वय मोजून झाल्यावर ती पाकिटे दप्तरात पडून राहिली. १९९७ साली डेन्मार्कच्या संशोधकांनी सामन माशाच्या अशा जुन्या खवल्यांतून डीएनए मिळविला, आणि साठ वर्षांच्या अंतराने त्याच माशांच्या वंशांत काय पालट झाला हे पाहिले. ज्यांनी ते खवले जपले त्यांना डीएनएची रचना ठाऊक असणे शक्यच नव्हते. ती उलगडली १९५३ साली. जुन्या कागदपत्रांत काम करणाऱ्या कोणालाही या गोष्टीचे मोल सांगावे लागणार नाही. जपून ठेवणाऱ्याने ज्या हेतूने जपले, त्याहून निराळ्याच हेतूने पुढचा वाचक ते वाचतो.

प्रत्यक्ष पद्धत अशी. मासा जाळ्यातून अलगद काढून पाण्याने भरलेल्या बादलीत ठेवतात. हात ओले करूनच त्याला स्पर्श करतात, कारण कोरड्या हाताने अंगावरचा स्रावाचा थर निघतो आणि माशाला रोगाची बाधा होते. त्याला शांत करण्यासाठी पाण्यात पुष्कळदा लवंगेच्या तेलाचा अंश मिसळतात. दाढदुखीवर आपल्या घरांत वापरले जाते तेच हे तेल. मग मोजपट्टीशेजारी ठेवून छायाचित्र काढतात. शेपटीच्या वा पोटाकडच्या पराचा काही मिलिमीटरचा तुकडा कात्रीने कापून तीव्र अल्कोहोलच्या कुपीत टाकतात. कुपीवर स्थळ, तारीख आणि क्रमांक लिहितात आणि मासा शुद्धीवर आला की तो सापडला तेथेच सोडतात. पराचा तुकडा कालांतराने पुन्हा वाढतो. याहून सौम्य रीत म्हणजे कापसाचा बोळा अंगावरून वा तोंडातून फिरवून घेणे. अलीकडे तर मासा न पकडता नदीचे पाणीच गाळून घेतात आणि त्यात मिसळलेल्या पेशींच्या कणांवरून तेथे कोण राहतो ते ओळखतात. फ्रान्समधील तळ्यांतून अमेरिकी बैलबेडकाचा माग असा पाण्यावरून काढल्याचे २००८ साली प्रसिद्ध झाले, तेव्हापासून ही पद्धत झपाट्याने पसरली.

कुपीतील तुकड्यातून जे मिळते ते ए, टी, जी आणि सी या चार अक्षरांत लिहिलेला मजकूर. कॅनडातील पॉल हेबर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली असे सुचविले, की प्राण्यांच्या पेशींतील एका ठरावीक जनुकाचा सुमारे साडेसहाशे अक्षरांचा भाग वाचला तर बहुतेक जाती वेगळ्या ओळखता येतील. २००५ साली ऑस्ट्रेलियातील माशांच्या २०७ जातींवर हे तपासले गेले आणि पद्धत खरी ठरली. हे तत्त्व आमच्या वाचकांना अपरिचित नाही. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, ती निरनिराळ्या प्रांतांच्या पोथ्यांतील पाठभेद ताडून. लेखनिकांच्या हातून झालेले बदल ज्या पोथ्यांत समान, त्या पोथ्या एका शाखेच्या, हे पाठचिकित्सेचे सूत्र. पिढ्यान्‌पिढ्या नकलताना अक्षरांत पडलेले फरक ताडून वंशावळ मांडणे हेच काम जनुकांचे अभ्यासकही करतात.

चुकीचे नाव आणि कावेरीचा मासा

ही विद्या केवळ कुतूहलापुरती नाही, हे दाखविणारी एक हकिगत सायक्सपासूनच सुरू होते. घोड नदीत शिरूरजवळ मिळालेल्या एका मोठ्या माशाला त्याने तो वर आलेला 'मसला' हा शब्द दिला. प्ररूप उपलब्ध नसल्याने हे नाव कोणत्या माशाचे यावर पुढे मतभेद झाले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात काही अभ्यासकांनी ते कावेरीतील पाठीवर उंचवटा असलेल्या महाकाय महसीर माशाला लावले. २०१३ साली निराळ्या अभ्यासकांनी असे प्रतिपादन केले, की सायक्सचा मासा महसीर कुळातील नव्हेच. मग कावेरीचा तो प्रसिद्ध मासा अनामिक उरला. ज्याची वजने पन्नास किलोच्या आसपास जात, ज्याच्यासाठी परदेशांतून गळकरी येत, त्याला निर्विवाद शास्त्रीय नावच नव्हते. नाव नसल्यामुळे संकटग्रस्त जातींच्या यादीत त्याची नोंदही होऊ शकत नव्हती.

२०१८ साली भारतीय आणि ब्रिटिश संशोधकांनी शरीररचना व डीएनए या दोन्ही पुराव्यांनी दाखवून दिले, की हा मासा म्हणजे २००७ साली केरळातील पांबार नदीतून वर्णिलेली 'रेमादेवी' ही जात होय. त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त ठरला. त्याच्या ऱ्हासाची जी कारणे सांगितली जातात, त्यांतील एक आपल्या प्रांताशी निगडित आहे. लोणावळ्याच्या टाटा वीज कंपनीच्या तलावांवर डॉ. कुलकर्णी आणि एस. एन. ओगले यांनी १९७० च्या दशकात महसीरची, म्हणजे सायक्सच्या 'खुद्री'ची, कृत्रिम पैदास यशस्वी केली. ते काम महत्त्वाचे होते आणि हेतू संवर्धनाचाच होता. तेथील पिले इतर नद्यांप्रमाणे कावेरीतही सोडली गेली. कावेरीत खुद्री वाढला आणि मूळचा मासा ओसरला. महसीर म्हणजे महसीर, असे मानल्याचा हा परिणाम. दोन्ही मासे भिन्न आहेत हे आधीच पुरेसे स्पष्ट झाले असते, तर पिले सोडताना कोणीतरी थांबून विचार केला असता असे आम्हांस वाटते.

डोहाचे नियम

जीव न घेता जाणण्याची गरज शास्त्राला आज भासली. आपल्या काही गावांनी जीव न घेण्याचा नियम त्याहून पुष्कळ आधी केला होता. महाडजवळ काळ नदीवर वाळण कोंड येथे वरदायिनी देवीचा डोह आहे. त्यातील महसीर देवीचे मानले जातात. भाविक त्यांना खाऊ घालतात, धरीत कोणी नाही. वाड्याजवळ वैतरणेच्या काठी तिळसे येथे तिळसेश्वराच्या सान्निध्यात असाच मत्स्यडोह आहे. अशा डोहांनी माशांची जी बीजे राखली ती अन्यत्र जाळी, सुरुंग आणि सांडपाणी यांनी केव्हाच संपविली.

प्ररूपाच्या शास्त्राला या डोहांचे दार बंद होते. देवाच्या माशाला बाटलीत घालण्यास गाव अनुमती देईल हे संभवतच नाही. कापसाच्या बोळ्याने किंवा गाळलेल्या पाण्याने काम होणार असेल, तर निदान बोलणे सुरू होऊ शकते. मात्र ते बोलणे गावाशी व्हावे लागेल. 'इजा नाही' हे संशोधकाने ठरविणे आणि गावाने मानणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

शिवाय 'इजा नाही' या शब्दांनाही मर्यादा आहे. पर कापला जातो, मासा काही काळ पाण्याबाहेर राहतो, त्याला ताण पडतो. बोटभर माशाला पराचा छोटा तुकडाही मोठाच. म्हणून 'कमीत कमी इजा' असे म्हणणे अधिक प्रामाणिक होय. दुसरी मर्यादा ज्ञानाची आहे. नदीतून मिळालेली साडेसहाशे अक्षरे ताडून पाहण्यासाठी ज्याची ओळख पक्की आहे अशा माशाचा मजकूर आधी संग्रहात असावा लागतो. तो नसेल तर मिळालेला मजकूर अनामिक राहतो. नवी जात स्थापन करायची तर आजही साधारणतः एक तरी देह संग्रहालयात ठेवावा लागतो. तेव्हा जुन्या संग्राहकांना क्रूर ठरवून मोकळे होणे आम्हांस मान्य नाही. होरांनी बाटलीत ठेवलेला मासा नसता, तर आज दारणेत सोडून दिलेला मासा कोण, हे सांगण्यास आधार उरला नसता.

नावांची राखण

आमचे ओझर बाणगंगेच्या काठी वसलेले आहे. निफाड तालुक्यातच, गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावर नांदूरमध्यमेश्वरचे पाणथळ आहे. त्याला रामसर स्थळाचा दर्जा मिळाल्याचे २०२० साली जाहीर झाले. महाराष्ट्रातील ते असे पहिले स्थळ. हिवाळ्यात तेथे पक्षी पाहायला दूरदूरचे लोक येतात, पक्ष्यांच्या मराठी नावांच्या याद्या आता चांगल्या तयार झाल्या आहेत. मासे पाण्याखाली असल्याने त्यांना हे भाग्य लाभत नाही. बाजारात रोहू, कटला आणि चिलापी हीच नावे ऐकू येतात. यांतील चिलापी १९५२ साली आफ्रिकेच्या वंशातून भारतात आणलेली, आणि रोहू-कटला उत्तरेच्या नद्यांतून येथे सोडलेले. मरळ, वाम, शिंगाळा ही नावे अजून टिकून आहेत. पण जे मासे विकले जात नाहीत, त्यांची नावे जाळे टाकणाऱ्या वृद्धांपाशीच उरली आहेत.

पराच्या तुकड्यातून मासा कोणत्या कुळातला हे कळेल. तो आषाढात वर चढतो की नाही, तो दगड चाटतो की खवले चोरतो, हे त्या साडेसहाशे अक्षरांत नाही. ते खवलचोर या एका शब्दात होते. या बाबतीत साहित्याच्या विभागांना काही करता येण्यासारखे आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्याने गावोगावच्या समित्यांवर लोकजैवविविधता नोंदवही तयार करण्याची जबाबदारी टाकली आहे. त्या नोंदवहीत स्थानिक नावाचा रकाना असतो, आणि तो भरणारा कोणी भाषा जाणणारा असावा लागतो. एम.ए.च्या विद्यार्थ्यांना लघुप्रबंधासाठी विषय हवे असतात. माशाचे छायाचित्र, सांगणाऱ्याच्या आवाजात उच्चारलेले नाव, 'ल' की 'ळ', 'द' की 'ड' याची नोंद, आणि नावामागची हकिगत, इतके जरी एका तालुक्यापुरते जमले तरी सायक्सच्या यादीचे शुद्धलेखन करण्यास आरंभ होईल. सांगणाऱ्याची संमती असल्यास त्याचे नावही लिहावे. १८३९ साली जे राहून गेले ते पुन्हा राहू नये.

जिवंत माशापासून डीएनए घेणारे संशोधक पुढील काळात आपल्या नद्यांवर अधिक संख्येने येतील. त्यांच्या कुपीवर स्थळ, तारीख आणि क्रमांक यांच्याबरोबर मराठी नावही देवनागरीत लिहिलेले असावे, एवढी व्यवस्था आपल्याकडून व्हावी. कुपीतला तुकडा नंतरही वाचता येईल. पण ते नाव सांगणारे लोक फार काळ थांबणार नाहीत.